बिनमिशीचा राजा

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज थोडं लिहीत जा. मनात साठवून ठेवल्याने रक्तदाब वाढतो म्हणे. मी म्हटलं, मी कुठे साठवतो? मी सगळं तोंडावर बोलून मोकळा होतो. साठत असेल तर समोरच्याच्या मनात साठत असेल. त्यावर डॉक्टर म्हणाले, "तसं नव्हे, तुमच्या बाबतीत मला वाटतं..." मी म्हटलं, "मीठ कमी, चालणं जास्त. मुद्दा कळला." आणि उठलो. ह्या लोकांचा वेळ वाचवला तरी चेहऱ्यावर आभार दिसत नाहीत.

असो. आज निर्मात्यांचा फोन. आमच्या अ‍ॅनिमेशनपटात राजकारण आहे, असं त्यांना काल अंघोळ करताना लक्षात आलं.

आता मला सांगा. एका बेटावरच्या राजाने वारा किल्ल्यात कोंडून ठेवलाय, कारण वाऱ्यावर लोकांचं बोलणं इकडून तिकडे जातं आणि ते त्याला खपत नाही. शिडाच्या होड्या किनाऱ्यावर पडून आहेत. एक नावाडीण वल्हं मारत, भोवरे आणि दात असलेले खडक पार करत दरबारात पोचते, वारा परत मागायला. दरबाराचा कायदा असा, की बोलताना जो अडखळेल त्याची पाळी संपली. आणि नावाडीण अडखळते. संपलं! ह्यात राजकारण कुठून आलं? मी तर राजकारणावर घरातसुद्धा बोलत नाही. म्हणजे मी बोलतो, बाकीच्यांना बोलू देत नाही.

"ही मिशी कोणाची आहे, ते मला कळत नाही का?" निर्माते म्हणाले.

"राजाची."

"अहो दिग्दर्शक, निवडणुका तोंडावर आल्यात. मिशी काढा."

काढली. आमचा मुख्य चित्रकार बारा महिने टोपी घालतो, त्यामुळे त्याला सगळे टोपीच म्हणतात. त्याने मिशी पुसली आणि पडद्याकडे बघत बसला. म्हणाला, "सर, आता हा सोललेल्या अंड्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, अंड्याचा पक्ष नाही कुठला, चालेल.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज झगा. निळा रंग सत्ताधाऱ्यांचा. पिवळा विरोधकांचा. हिरवा त्या दोघांतून फुटून निघालेल्यांचा. तांबडा अशांचा, ज्यांना कोणी मत देत नाही पण मोर्चे मात्र फार सुंदर काढतात. राहता राहिला जांभळा. तो पसंत करून चहा मागवला, तेवढ्यात निर्मात्यांचा फोन. त्यांच्या मेहुण्याने परवाच पक्ष काढलाय, झेंडा जांभळा!

शेवटी भांडी विसळलेल्या पाण्याचा जो रंग असतो, तो दिला. मुकुटही गेला, कारण जुन्या राजघराण्याचे कोणी नातेवाईक अजून वकिली करतात. राजा आता पोस्टात खिडकीमागे बसलेल्या माणसासारखा दिसतो. टोपी म्हणाला, "सर, ह्याला राजा म्हणून ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "वागण्यावरून!" बोलून गेलो आणि माझं मलाच फार आवडलं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

निर्मात्यांनी एक सल्लागार बाई नेमल्यात. पडद्यावर कोणाला कसं दाखवलंय, त्याने कोणाचा अपमान होतोय का, हे बघणं त्यांचं काम. मला वाटलं होतं, आगीतून फुफाट्यात. पण बाई शांत आहेत, स्वतःचा चहा स्वतः करून पितात, आणि दुर्दैवाने त्यांचं बरंच पटतं.

त्या म्हणाल्या, "तुमचा सेनापती लंगडा, कारभारी जाडा, हेर काळा आणि तिरळा. माणूस दुष्ट आहे हे दाखवायला तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही का?"

खरंच सुचलं नव्हतं. आम्ही सगळे हीच चित्रं बघत मोठे झालो, आणि तीच पुन्हा काढत बसलो. हे बाईंना सांगितलं नाही. "मुद्दा कळला," एवढंच म्हटलं.

राजाची बोलीही बदलायची ठरली. तो कुठल्यातरी गावचा वाटत होता आणि त्या गावची माणसं तिकिटं काढतात. आता तो कुठल्याच गावचा नाही, जातीचा नाही, रंगाचा नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग बाईंनी विचारलं, "नावाडीण अडखळते, ते कोणाला विचारून लिहिलंत?"

मी चढ्या आवाजात म्हटलं, "अहो, माझी सख्खी धाकटी बहीण अडखळते! आत्ता चित्रांना जो कच्चा आवाज लावलाय तो तिचाच आहे." चित्रांचे ओठ आधी आवाज असल्याशिवाय हलवता येत नाहीत, म्हणून कोणाचातरी आवाज तात्पुरता लावून काम सुरू करतात. धाकटी शाळेत शिकवते, शाळा सुटल्यावर येऊन देऊन गेली होती.

"पण तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? लहानपणापासून तिची वाक्यं मीच पुरी करतो. ती 'मला' म्हणाली की पुढचं मला माहीत असतं."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. प्रभावित झाल्या असाव्यात.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टोपी अडला. म्हणे, राजाचं सगळं काढून घेतलंत, आता हा चालतो कसा, बसतो कसा, हातांचं काय करतो? हलतं चित्र काढायचं तर आधी कोणीतरी ते करून दाखवावं लागतं, मग त्याचं चित्रण बघून चित्रकार काढतात. स्टुडिओतला एकही माणूस राजा व्हायला तयार होईना. सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, चला, अभिनयही आम्हीच करू! कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. टोपी म्हणाला, "सर, काही वेगळं करू नका. दरबारात कोणी तक्रार घेऊन आलंय असं समजा, आणि नेहमीसारखे वागा." मी पेन्सिल टेबलावर आपटली, एक भुवई वर केली, तक्रारदाराचं बोलणं अर्ध्यावर तोडून त्याला त्याचीच तक्रार नीट समजावून सांगितली. टाळ्या पडल्या. दोन मुली तर खुर्चीखाली वाकून हसत होत्या. माझ्यात विनोदाचं अंग आहे, हे ह्या लोकांना आजच कळलं.


शनिवार, २२ फेब्रुवारी

निर्माते आज घरी आले होते. कच्चा आवाज ऐकून त्यांच्या मुलीला म्हणे रडू आलं. त्यांनी थेट धाकटीलाच विचारलं, "पक्कं रेकॉर्डिंगही तुम्हीच कराल का?"

धाकटी लाल झाली. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "मला... मला प... प..."

बिचारी! पाहुण्यांसमोर तिची अशी फजिती मला बघवत नाही. मी लगेच सावरून घेतलं. "मला पेलणार नाही, असं म्हणतेय ती. भूगोलाची शिक्षिका हो, कुठे ह्या भानगडीत पडणार!"

धाकटी कप गोळा करून आत गेली आणि ते फार जोरात विसळले. संकोची आहे, आभार मानायलासुद्धा लाजते.

रात्री ही म्हणाली, "अहो, तिला काय म्हणायचं होतं?" मी म्हटलं, "सांगितलं ना मी!" ही म्हणाली, "हो, तुम्ही सांगितलंत." आणि कूस बदलली. बायकांचं बोलणं मला कधी कधी कळत नाही.


मंगळवार, ४ मार्च

धाकटी नाही म्हणाल्यामुळे निर्मात्यांनी प्रसिद्ध नटी आणली. नाव लिहीत नाही. ती आली तेव्हा खालच्या पानवाल्यापासून वरच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे जिन्यात उभे होते.

नटी गुणी आहे, खोटं कशाला बोला. पण तिचं अडखळणं म्हणजे शिलाई मशीन. प्रत्येक शब्दाला टाके, अगदी सारखे. सल्लागार बाई म्हणाल्या, "ही नक्कल झाली. असं शाळेच्या मागच्या बाकावरची टवाळ पोरं करतात." नटीला वाईट वाटलं. निर्माते वैतागले. म्हणाले, अडखळणं अपमान वाटत असेल तर ते काढूनच टाका, नावाडीण घडाघडा बोलू दे.

घडाघडा बोलली तर दरबारात जाईल, वारा मागेल, घेऊन येईल. सिनेमा मध्यंतराआधीच संपतो! निर्माते म्हणाले, "मग एखादं गाणं घाला."


शनिवार, ८ मार्च

कच्च्या सिनेमाचा खेळ लावला, लोक कसे बघतात ते बघायला. निर्माते, सल्लागार बाई, ही, स्टुडिओतले सगळे आणि धाकटीच्या वर्गातली पोरं. धाकटी स्वतः पेपर काढण्यात गुंतली होती, आली नाही. नटीचा आवाज बाईंनी लावू दिला नाही, म्हणून धाकटीचाच कच्चा आवाज राहिला.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. नावाडीण अडखळायची तेव्हा मोठी माणसं खुर्चीत चुळबुळ करत होती. धाकटीची पोरं मात्र ढिम्म. घाई नाही, खुसखुस नाही, बसस्टॉपवर बस यायची वाट बघावी तशी बसलेली. धाकटीचा चांगला धाक दिसतो वर्गात.

पण राजा! राजाने आज मैदान मारलं. तो पेन्सिल आपटून "मुद्दा कळला" म्हणाला, आणि सभागृह कोसळलं. ते वाक्य संहितेत नव्हतं, टोपीने स्वतःच्या डोक्याने घातलं. नावाडीण "महाराज, मला" म्हणते आणि राजा तिचं वाक्य भलतंच पुरं करून तिला शाल आणि नारळाऐवजी एक रिकामी टोपली देऊन परत पाठवतो, तिथे हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसून हसून.

"कसा वाटला राजा?" मी विचारलं.

"ओळखीचा वाटला," ही म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

म्हणजे व्यक्तिरेखा सर्वांपर्यंत पोचली. कुठल्याच पक्षाचा नसलेला, कुठल्याच जातीचा नसलेला राजा, आणि तरी जो तो म्हणतोय, ह्याला कुठेतरी पाहिलंय. झोप छान लागणार आज.


सोमवार, १० मार्च

आज बैठक. अडखळणं ठेवायचं की काढायचं, ह्याचा निकाल. बाईंच्या आग्रहावरून धाकटीला बोलावलं होतं. ती शाळेतून तशीच आली, बाहीला खडू लागलेला.

निर्माते म्हणाले, "राजाला कोणाचा आक्षेप नाही. पण लोक तिकीट काढून आलेले असतात, एका वाक्यासाठी इतका वेळ थांबणार नाहीत. आवाज नटीचा, बोलणं सरळ." मग धाकटीकडे वळून, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तिला वाटतं की..."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

धाकटी म्हणाली, "म... म... मी..."

ती अडली. मला राहवेना, मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि बघतो तर अख्खी खोली तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. निर्मात्यांचा कप हवेत. टोपी दबक्या आवाजात म्हणाला, "राजेसाहेब, थांबा." आणि मग जीभ चावली.

राजेसाहेब!

मी हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. ती टेबलाला टेकलेली होती. भुवईला हात लावून बघितला. वरच होती.

तोवर धाकटी बोलत होती. सावकाश, मध्ये मध्ये थांबत. ती म्हणाली, "मी नाही म्हटलंच नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत थ-थांबा, म्हणत होते. मला हे काम करायचं होतं. फार करायचं होतं." मग निर्मात्यांना म्हणाली, "अडखळणं राहू द्या. मी रोज वर्गात अशीच बोलते, पोरं थ-थांबतात. लोकांना इतकं थांबता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "राजा मात्र थोडा कमी हुबेहूब करा. दादाला बाजारात जायचं असतं."

सगळे हसले. निर्माते तर टेबलावर थापा मारत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, परीक्षा झाल्या की दरबाराचा प्रसंग ह्यांच्या आवाजात करा. मी स्वतः समोर बसेन. खुर्चीत एकदा जरी चुळबुळलो, तरी अडखळणं कापणार."


मंगळवार, ११ मार्च

आज काही लिहीत नाही.


गुरुवार, १३ मार्च

तीन दिवस झाले, घरात मिठाची गुळणी धरून बसलोय. कोणाला फरक पडलेला दिसत नाही. उलट जेवताना ही आणि धाकटी खूप गप्पा मारतात. धाकटीच्या शाळेत एक शिपाई आहे, तो नकाशे उलटे टांगतो, आणि मुलं दक्षिणेला उत्तर म्हणतात. हा किस्सा मला माहीतच नव्हता. ती म्हणे गेल्या वर्षीपासून सांगायचा प्रयत्न करतेय.

आज न राहवून हिला विचारलं, "मी खरंच तसा आहे का?"

ही म्हणाली, "कसा?"

"त्या राजासारखा."

ही भाजी चिरत होती. विचार करत राहिली. मी तोंडावर हात ठेवून बसलो, खरंच ठेवला. शेवटी म्हणाली, "तुम्ही दुष्ट नाही हो. तुम्हाला फक्त धीर नाही. आणि तो राजासुद्धा दुष्ट नाहीये, तो तुम्ही चांगला काढलाय. त्याला वाटतं, तो मदतच करतोय."

मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी कांद्याजवळ सरकलो.


सोमवार, ३१ मार्च

परीक्षा संपल्या. आज रेकॉर्डिंग.

काचेपलीकडे धाकटी, कानांवर हेडफोन लावून. अलीकडे निर्माते, खुर्चीत मुद्दाम ताठ बसलेले. बाई कोपऱ्यात. टोपीने कॅमेरा माझ्यावर रोखला.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"सर, राजा बोलतो कसा, ह्याचं चित्रण माझ्याकडे ढीगभर आहे. तो ऐकतो कसा, हे एकदाही नाही. ती बोलत असेल तेवढा वेळ तो पडद्यावर गप्प असणार. करून दाखवा ना."

त्यात काय मोठंसं! गप्प तर बसायचंय.

धाकटीने सुरुवात केली, आणि माझे ओठ हलले. टोपीने थांबवलं. पुन्हा. ह्या वेळी ओठ घट्ट मिटले, तर पेन्सिल टकटक करायला लागली. टोपीने येऊन ती काढून घेतली. पुन्हा. मी हं, हं करत मान हलवत राहिलो. काचेपलीकडून धाकटी हसून म्हणाली, "दादा, मान नको हलवूस. तुझी म-मान पण मध्येच बोलते." निर्माते फिसकन हसले. मी म्हटलं, हात मागे बांधा माझे. टोपीने गंमत समजून सोडून दिलं, मी गंमत करत नव्हतो.

मग पुन्हा सुरू झालं. वाक्य मला पाठ होतं, मीच लिहिलंय: वारा सगळ्यांचा आहे, महाराज. भारदस्त वाक्य. धाकटीने श्वास घेतला आणि पहिल्याच अक्षरावर अडकली. ओठ मिटलेले, मान किंचित पुढे. आणि माझ्या छातीत ते सुरू झालं, जे लहानपणापासून होतं. ती कुठल्यातरी पाहुण्यांपुढे उभी आहे, नाव सांगता येत नाहीये, लोक हसतील, कोणीतरी पटकन सांगून टाका रे तिचं नाव. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत अशा वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं, घाईने लोकांकडे बघायचो. ती घाबरलेली नव्हती. तिला लाजही वाटत नव्हती. ती आपलं काम करत होती, जड दार ढकलावं तसं. त्रास मला होत होता. सगळा त्रास माझाच होता, आणि तो घालवायला मी तिची वाक्यं घेत होतो.

कॅमेरा चालू आहे हे मी विसरलो. राजा, वारा, निर्माते, सगळं विसरलो.

"म..." धाकटी म्हणाली. "म... माझं अजून बोलून झालेलं नाही."

हे माझं वाक्य नव्हतं. संहितेत कुठेच नव्हतं. मी निर्मात्यांकडे वळून बघितलं. ते पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि अजिबात चुळबुळत नव्हते. टोपी कॅमेऱ्यामागून मला खुणावत होता, तसेच राहा, हलू नका. पण आता राजाने काय करायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. पुढे ती काय म्हणणार ह्याचा मला काडीचा अंदाज नव्हता.

"बोल," मी म्हटलं.

आणि तिने पुढचा श्वास घेतला.